सुरीचं पातं घरी धुणं आणि जंतुमुक्त करणं : कामाच्या नोंदी

टेबलावर चार सुऱ्या आहेत.
अ : स्टेनलेसची मोठी सुरी, लाकडी मूठ, तीन रिव्हेट. कच्चं मांस कापायला वापरात.
ब : कार्बन स्टीलची मध्यम सुरी, पात्यावर तांबूस डाग.
क : घडीचा चाकू. फळांच्या रसाने सांधा चिकटलेला, उघडताना अडतो.
ड : मुठीसकट एकसंध स्टेनलेसची छोटी सुरी.

सामान : भांड्यांचा पातळ साबण, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, खायचा सोडा, ५ टक्के पांढरं व्हिनेगर, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुगंध नसलेलं ५ टक्के क्लोरीन ब्लीच, सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज, स्वयंपाकाचा थर्मामीटर, खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल, टी-६ आणि टी-८ टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू उघडणारी टोकं), जुनं सुती कापड, टिश्यू. खर्च अल्कोहोल आणि टिश्यूवरच होतो. बाकी सगळं थोडं थोडं लागतं.

नोंद १. शनिवार सकाळ : पाहणी

पाण्याला हात लावण्याआधी चारही सुऱ्या नीट पाहिल्या. दिवा समोरून न धरता बाजूने, पात्याला जवळजवळ समांतर धरला की ओरखडे, चिकटा आणि खड्डे वेगवेगळे दिसतात.

सगळ्यात वाईट जागा धार नव्हे. पातं मुठीत शिरतं तो सांधा सर्वांत घाण असतो. सुरी अ वरवर स्वच्छ दिसत होती, पण सांध्यातून टूथपिक फिरवल्यावर टोकाला काळपट चरबी आली. तिथली घाण निघाली नाही तर पात्यावर कितीही औषध ओतलं तरी पुढच्या वापरात ती ओघळून पात्यावर येणार. म्हणून मोठी सुरी आली की पहिली वीस मिनिटं सांध्यासाठीच धरावीत.

सुरी ब वरचे डाग टिश्यूने घासून पाहिले. टिश्यूला तांबडं लागलं तर तो गंज, काढायचा. करडा-निळसर, गुळगुळीत आणि टिश्यूला न लागणारा थर कार्बन स्टीलवर वापराने येतोच. त्याने पातं थोडं जपलं जातं, म्हणून तो घासून चकचकीत करत बसू नये.

पोलाद कोणतं ते कळत नसेल तर चुंबकाचा उपयोग नाही, कारण सुऱ्यांचं बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. मुठीजवळ, नजरेत न येणाऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब पाच मिनिटं ठेवावा. तिथे काळसर डाग पडला तर कार्बन स्टील, काहीच झालं नाही तर स्टेनलेस. थेंब लगेच धुऊन पुसावा.

नोंद २. शनिवार सकाळ : सुरी अ, धुणं

आधी कोमट पाणी, साधारण ४० अंशांपर्यंतचं. मांसाचा रस किंवा रक्त असलेल्या पात्यावर सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं तर त्यातली प्रथिनं गोठून पृष्ठभागाला धरून बसतात आणि घासण्याचं काम दुप्पट होतं. गरम पाण्याची पाळी नंतर.

घासण्याची रीत : सिंकच्या कडेला ओलं कापड पसरून पातं त्यावर आडवं ठेवलं, धार अंगापासून लांब. ब्रश पाठीकडून धारेकडे आणि तसाच बाहेर. धारेच्या लांबीने मागे-पुढे घासलं की ब्रशचे केस कापले जातात आणि हात घसरला तर बोटं. स्पंज दुमडून पात्यावर चिमटीत धरून ओढण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. धारदार सुरीवर ती सोडलीच पाहिजे, कारण धार स्पंज कापून बोटापर्यंत पोहोचते. फेसाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवणंही टाळावं. ती दिसत नाही, आणि हात घालणाऱ्याला ती तिथे असल्याचं माहीत नसतं.

सांध्यासाठी टूथब्रशवर साबणाचे दोन थेंब आणि आलटून पालटून टूथपिक. धातूची सुई वापरू नये. ती लाकूड उकरते आणि फट वाढवते.

धुऊन झाल्यावर पाण्याची परीक्षा. पातं उभं धरून त्यावरून स्वच्छ पाणी सोडलं. स्वच्छ पात्यावर पाणी सलग पसरतं, तेलकट जागी ते फाटतं आणि मणी होतात. पाठीजवळच्या पट्ट्यात पाणी फाटलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. जुनं खाद्यतेल वाळून झालेला पिवळसर चिकटा होता तो, आणि साबण त्याला पुरला नाही. तीन भाग खायचा सोडा आणि एक भाग पाणी असा लगदा करून ओल्या कापडाने चार-पाच मिनिटं चोळला, तेव्हा निघाला. दुसऱ्या परीक्षेत पाणी सलग गेलं.

तारेची घासणी चिकटा पटकन काढते, तरी इथे घेतली नाही. ती बारीक ओरखडे पाडते, ओरखड्यांत घाण अडकते, आणि साध्या लोखंडी तारेचे कण मागे राहिले तर स्टेनलेसवरही तांबूस ठिपके उमटतात. लोक त्याला सुरीचा गंज समजतात.

धार लावायची असेल तर ती याच टप्प्यावर, जंतुनाशनाच्या आधी. नंतर लावली तर दगडाचा गाळ पुन्हा धुवावा लागतो आणि जंतुनाशनही पुन्हा करावं लागतं.

नोंद ३. शनिवार दुपार : सुरी अ, ब्लीच

हिशोब आधी कागदावर. ५ टक्के ब्लीच म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाख भागांमागे इतके भाग). अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी २०० पीपीएम पुरे, म्हणजे १ लिटर गार पाण्यात ४ मिली. बाटलीवर दुसरा आकडा असेल तर २० ला त्या टक्केवारीने भागावं, येईल तितके मिली प्रति लिटर. ३ टक्क्यांच्या बाटलीला ६.७ मिली, ६ टक्क्यांच्या बाटलीला ३.३ मिली. अंदाजाने झाकणभर ओतणं इथे चालत नाही. ब्लीच वाढवलं की जंतू जास्त मरतीलच असं नाही, पातं मात्र नक्की खराब होतं.

द्रावण उंच अरुंद काचेच्या बरणीत केलं, टोक तुटू नये म्हणून तळाला कापडाचा तुकडा. पातं २ मिनिटं बुडवलं. सांधा द्रावणाच्या वर राहिला, म्हणून तो त्याच द्रावणात भिजवलेल्या ब्रशने ओला ठेवला. मूठ बुडवायची नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळताना आक्रसतं, आणि रिव्हेटशी नवी फट पडते.

अन्नाच्या नियमांप्रमाणे एवढं पातळ द्रावण न धुता वाळू दिलं तरी चालतं. पातं टिकवायचं असेल तर तसं करू नये. थेंब वाळत जातो तसं त्यातलं क्लोराइड दाट होत जातं आणि स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर त्याच जागी फुटतो. टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. सुरी अ च्या टाचेजवळ (धारेच्या मुठीकडच्या टोकाजवळ) असे दोन खड्डे जुनेच आहेत. घासून ते जात नाहीत, कारण ते वरचे डाग नाहीत, खालचं पोलाद खाल्लं गेलेलं आहे. घड्याळ लावून २ मिनिटं, लगेच पिण्याच्या पाण्याने धुणं, लगेच कोरडं करणं. या तीन गोष्टी जमत नसतील तर स्टेनलेससाठी ब्लीच वापरूच नये.

आणखी तीन गोष्टी इथेच लिहून ठेवतो. गरम पाण्यात द्रावण करू नये, क्लोरीन उडून जातो. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नये, ताकद उतरते. आणि ब्लीच बाहेर असेल तोवर व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर टेबलावर नको. व्हिनेगरबरोबर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. बंद स्वयंपाकघरात दोन्ही घातक आहेत. सुरी ब चं व्हिनेगरचं काम त्यासाठीच दुसऱ्या दिवसावर ढकललं.

नोंद ४. शनिवार संध्याकाळ : सुरी अ, अल्कोहोल

तीच सुरी, आता तुलना म्हणून अल्कोहोल. ७० टक्के हवं, ९९ टक्के नको. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. घरी ९९ टक्केच असेल तर ७१ मिली घेऊन त्यात पाणी घालत एकूण १०० मिली करावं.

पहिला फवारा फुकट गेला. पंखा चालू होता, पातं मिनिटभर ओलं राहायला हवं होतं आणि त्याआधीच कोरडं झालं. फवारून लगेच पुसण्याचंही तेच होतं. ओलेपणाचा वेळ मिळत नाही आणि फक्त वास राहतो. उपाय सोपा निघाला : पात्याभोवती टिश्यूचा एक पदर गुंडाळायचा, सिरिंजने दोन्ही बाजूंना मिळून ८ ते १० मिली अल्कोहोल सोडायचं, पंखा बंद करायचा. टिश्यू पात्याला चिकटून राहतो आणि पातं सहज मिनिटभर, त्याहूनही जास्त ओलं राहतं. सांध्यावर टिश्यूची बारीक वळी दाबून ठेवली.

शेगडी बंद, खिडकी उघडी. ओल्या पात्याला ज्योत लावून 'पक्कं' करणं हा प्रकार कधीही करू नये, अल्कोहोलची वाफ हातापर्यंत पेटते. मुठीवर लाख किंवा पॉलिश असेल तर आधी लपलेल्या जागी तपासावं. अल्कोहोल लाखेचा थर विरघळवतं आणि मूठ चिकट होते.

सुरी अ साठी निर्णय : रोजच्या घरात अल्कोहोल. ब्लीच काम करतं, पण त्यात विसरण्याला जागा नाही. अल्कोहोल उडून जातं, मागे मीठ ठेवत नाही. पण अल्कोहोल धुण्याचं काम करत नाही. रक्ताचा किंवा मांसाचा थर राहिलेल्या पात्यावर ते लावलं तर थर तिथेच गोठून बसतो. आधी साबण, पाण्याची परीक्षा, मगच अल्कोहोल.

नोंद ५. रविवार सकाळ : सुरी ड, गरम पाणी

मूठही धातूची, म्हणून गरम पाणी शक्य. अन्नाच्या भांड्यांसाठी ७७ अंश सेल्सिअसला ३० सेकंद पूर्ण बुडवणं हे मान्य प्रमाण आहे. सोपं वाटतं, अडचण तापमान टिकवण्यात येते. छोट्या पातेल्यात ८० अंशांवर गॅस बंद करून सुरी टाकली तर थंड धातूने पाणी ७७ च्या खाली आलं. दुसऱ्या वेळी मोठं भांडं, ३ लिटर पाणी, ८५ अंश, थर्मामीटर आतच. तापमान टिकलं.

थर्मामीटर नसेल तर सरळ १० मिनिटं उकळावं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला १ अंश कमी. १,५०० मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपास असतं, तरी ७७ च्या खूप वर. भांड्याच्या तळाला कापड घालावं. उकळत्या पाण्यात सुरी तळावर आपटत राहते आणि धारेला बारीक खाचे पडतात.

उकळून धार 'उतरते' ही भीती निराधार आहे. पोलादाचं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणं) साधारण १५० अंशांच्या वरच केलेलं असतं, १०० अंशांनी त्याचं काही होत नाही. ज्योतीचं मात्र उलट. धार इतकी पातळ असते की गॅसच्या ज्योतीत ती काही सेकंदांत २०० अंश ओलांडते. आधी पिवळसर, मग जांभळा-निळा रंग चढला म्हणजे तिथलं टेम्परिंग गेलं, धार मऊ पडली. वरून काजळी चढते ती वेगळीच. सुरी लाल होईपर्यंत तापवण्याचा सल्ला स्वयंपाकाच्या सुरीसाठी पूर्णपणे चुकीचा आहे.

बाहेर काढल्यावर पांढरे डाग दिसले. तो पाण्यातला चुना. व्हिनेगरच्या ओल्या कापडाने एकदा पुसून, धुऊन, कोरडं केलं, गेले. (ब्लीचची बाटली कालच आत ठेवली होती.)

उकळणं असो, ब्लीच असो की अल्कोहोल, इथे केलेल्या कशानेच क्लोस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची कठीण कवचातली सुप्त रूपं) मेले असा भरवसा देता येत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हची दाबाखालची वाफ लागते, १२१ अंश आणि १५ मिनिटं. ही सगळी तयारी अन्न कापायच्या सुरीची आहे. काटा काढणं, फोड फोडणं, जखमेला हात घालणं यासाठी अशी सुरी घेऊ नये. त्याला दवाखान्यातलं निर्जंतुक पातं हवं.

नोंद ६. रविवार दुपार : सुरी ब, गंज

साबणाने धुऊन आधी सोड्याचा लगदा आणि बुचाचा तुकडा. हलका गंज दहा मिनिटांत गेला. टाचेजवळचे दोन डाग राहिले, त्यांना व्हिनेगर. पूर्ण पातं बुडवलं नाही. टिश्यूचे छोटे तुकडे भिजवून फक्त डागांवर ठेवले, दर पाच मिनिटांनी उचलून पाहिले. एक डाग दहा मिनिटांत सुटला. दुसऱ्यावरचा तुकडा ओघळून धारेपर्यंत गेला आणि वेळेवर उचलला गेला नाही. तिथे पातं खरबरीत आणि फिकट करडं झालं, धारही तेवढ्या पट्ट्यात बोथट. आम्ल गंज खाऊन थांबत नाही, पुढे पोलादाला लागतं. तो पट्टा बारीक दगडावर पुन्हा घासून घ्यावा लागला, अर्धा तास गेला. तुकडा डागाच्या आकाराचाच कापावा, आणि पिळून ठेवावा म्हणजे ओघळत नाही.

नंतर पाण्याने धुतलं, १ लिटर पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून त्यात बुडवलं, पुन्हा धुतलं. कापड शोधेपर्यंत पातं नारिंगी दिसायला लागलं होतं. नुकतंच उघडं पडलेलं कार्बन स्टील ओलं राहिलं की काही मिनिटांतच गंज धरतं. तो पहिला थर सोड्याने लगेच निघाला. या वेळी धुतल्याबरोबर कापडाने टिपून लगेच ७० टक्के अल्कोहोल आणि टिश्यूचा पदर, नोंद ४ प्रमाणे. अल्कोहोलमध्येही पाणी असतंच, पण उरलेल्या थेंबांना ते सोबत घेऊन लवकर उडतं. टिश्यू काढल्याबरोबर कोरड्या कापडाने पुसलं. गंज आला नाही, जंतुनाशनही त्यातच झालं.

ब्लीच या सुरीच्या जवळही आणू नये. कार्बन स्टीलवर दोन मिनिटंही फार होतात.

शेवटी मिनरल ऑइलचे दोन-तीन थेंब, आणि पातं कोरडं दिसेपर्यंत पुसून काढणं. खाद्यतेल लावलं तर काही आठवड्यांत तोच पिवळा चिकटा, जो सुरी अ वर सापडला होता. तेल नेहमी जंतुनाशनानंतर. तेलावर अल्कोहोल लावलं तर ते पोलादापर्यंत पोहोचत नाही.

नोंद ७. रविवार संध्याकाळ : सुरी क, घडीचा चाकू

चौघांत सगळ्यात जास्त वेळ याने घेतला. आधी न उघडता प्रयत्न केला : कोमट साबणाच्या पाण्यात उघड-मीट, सिरिंजने सांध्यात पाणी, मग अल्कोहोल. काळं पाणी येतच राहिलं आणि उघडताना अडणं गेलं नाही. वाळलेली साखर थोडी विरघळते, गर मात्र आतच राहतो. उघडणं भाग होतं.

धारेवर चिकटपट्टी लावली. प्रत्येक थर काढताना फोटो काढला. सांध्याच्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) होता. नुसता जोर लावला असता तर टॉर्क्सची खाच गोल झाली असती. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवल्यावर तो मऊ पडला. बिट काटकोनात, पूर्ण खाली दाबून, मगच फिरवायचा.

आत पात्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर, त्यांच्यावर काळा डिंकासारखा थर. काम सिंकमध्ये न करता वाडग्यात केलं. वॉशर सिंकच्या नळीत गेला तर चाकू संपला. धातूचे भाग साबण आणि ब्रशने धुतले, लॉकच्या पट्टीतली बारीक गोळी टूथपिकने साफ केली. मुठीच्या बाजू रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, म्हणून सोडा आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. त्यांनी तो थर फिका पडतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. मूठ अ‍ॅक्रिलिकची असती तर अल्कोहोलही चाललं नसतं, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

पात्याला ७० टक्के अल्कोहोल, मिनिटभर. सगळे भाग कापडावर पसरून रात्रभर वाळवले. घाईने जोडलं तर उरलेलं पाणी वॉशरमागे बंद होतं.

जोडताना सांध्याला मिनरल ऑइलचा एकच थेंब. स्क्रू पूर्ण आवळला तर पातं हलेना. एक अष्टमांश फेरा सैल केल्यावर मोकळं चाललं आणि उघड्या स्थितीत आडवं डगडगत नव्हतं. हा बिंदू सापडल्यावरच थ्रेडलॉकरचा बारीक ठिपका लावला.

चाकू फळं, दोरा आणि खोके यांसाठी ठेवला आहे. कच्च्या मांसाला नको. एवढं सगळं खोलल्याशिवाय ज्याचा सांधा साफ होत नाही, तो कच्च्या मांसाला लावणं योग्य नाही.

नोंद ८. सोमवार सकाळ : फेरतपासणी

ब, क, ड ठीक. सुरी अ च्या सांध्याजवळ केसाएवढी नारिंगी रेघ. पातं पुसलेलं होतं, पण धुताना सांध्यात शिरलेलं पाणी निघालं नव्हतं. सुरी मूठ खाली करून उभी ठेवली होती, त्यामुळे पाणी आतच मुरलं. आता टोक खाली, मूठ वर अशी टांगून तासभर ठेवली, सांधा दोनदा टिपला, रेघ सोड्याने काढली.

ज्या कापडाने पुसतो तेही तपासलं. रोजच्या ओट्याच्या ओल्या फडक्याने जंतुमुक्त पातं पुसलं तर सगळं काम वाया जातं. पात्यासाठी वेगळं, धुऊन वाळवलेलं कापड किंवा टिश्यू. लाकडी स्टँडच्या फटीही तशाच : तिथे ब्रश जात नाही, म्हणून सुरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत जाऊ नये.

रोज साबण, पाणी आणि लगेच कोरडं करणं पुरतं. अल्कोहोल फक्त कच्च्या मांसानंतर, किंवा घरात कुणी आजारी असेल तेव्हा.

सुरी अ ची फट अजून तशीच आहे. मूठ पूर्ण वाळली की तिच्यात हळू सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा गोंद) भरायचं, वर आलेलं इपॉक्सी सुकण्याआधीच पुसायचं, आणि २४ तास सुरीला पाणी लावायचं नाही.